मदत हवी आहे: गाणाऱ्या मुलीसाठी थेरपिस्ट निवडताना काय बघावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण कोणाला विचारावं तेच कळत नाहीये.

माझी लेक १५ वर्षांची, दहावीत. आम्ही मानेवाड्याला राहतो. सात वर्षांची होती तेव्हापासून शास्त्रीय गाणं शिकते, गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांपैकी प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमचा फॉर्म भरलाय. गुरुपौर्णिमेला क्लासच्या कार्यक्रमात यमन गायला बसली, विलंबित छान झालं आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला जाताना आवाज निघालाच नाही. तबल्यावरच्या काकांनी ठेका चालू ठेवला, दोन आवर्तनं गेली, ही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नुसती बसून, मग उठून आत गेली ती कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलीच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला दार लावून घेते, मोबाईलवर तानपुरा लावते, काळी पाच या तिच्या पट्टीत, आणि बाहेर आम्हाला फक्त तानपुरा ऐकू येतो. तासभर. गाणं नाही. सासूबाई रोज विचारतात, काहून गाऊन नाही राहिली पोट्टी? काय सांगू त्यांना.

ओळखीतून एका काउन्सेलरकडे नेलं होतं. चाळीसेक मिनिटं हिच्याशी एकटीशी बोलल्या, मग मला आत बोलावलं आणि हिने जे जे सांगितलं ते सगळं हिच्यासमोरच मला सांगून टाकलं, बाबांबद्दल बोलली होती ते पण. वर सल्ला असा की दहावीचं वर्ष आहे, गाणं वर्षभर बंद करा, म्हणजे टेन्शनच नाही. मी तिथे गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. येताना गाडीवर रोज माझ्या खांद्याला धरते, त्या दिवशी मागची दांडी धरून बसली. आता म्हणते मी कोणाकडेच येणार नाही.

तर माझे प्रश्न असे आहेत की या वयाच्या मुलांसोबत काम केलेला आणि ज्याला स्टेज म्हणजे काय ते कळतं असा माणूस ओळखायचा कसा, पहिल्या फोनवर काय विचारलेलं चालतं, आणि मुलीने सांगितलेलं आईला कळावं की नाही? शिवाय नात्यातले एक जण म्हणतात कार्यक्रमाआधी छातीची धडधड थांबवायची गोळी मिळते, बरेच कलाकार घेतात, ती देऊन बघा. द्यावी का? नावं सुचवायची असतील तर कृपया इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद १

ताई, गोळीचं आधी सांगतो. ती बहुतेक प्रोप्रानोलॉल म्हणत असतील. धडधड आणि हातांचा थरथराट कमी होतो हे खरं, पण ते डॉक्टरने तपासून द्यायचं औषध आहे, आणि दमा असेल तर त्याने श्वासनलिका आवळून जीवावर बेतू शकतं. मुलीला लहानपणी बाळदमा वगैरे होता का? कोणाच्या सांगण्यावरून अजिबात देऊ नका.

दुसरं, आवाज खरच बसला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र बघून घ्या. या वयात मुलींचा आवाजही थोडा बदलतो, फक्त मुलांसारखा पटकन जाणवत नाही. घसा ठीक निघाला तर निदान एक शंका मिटेल.

आता थेरपिस्ट. काउन्सेलर या पाटीमागे एमए सायकॉलॉजीवाले पण असतात आणि दोन-तीन महिन्यांचा कोर्स केलेले पण, म्हणून शिक्षण सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, तो मागण्यात काही वावगं नाही, चांगला माणूस लगेच देतो. औषधाची गरज वाटली तर सायकियाट्रिस्ट, ते मानसोपचाराचे डॉक्टर असतात. आणि किशोरवयीन मुलांसोबत किती वर्षं काम केलंय हे वेगळं विचारा, कारण मोठ्यांसारखं समोर बसवून प्रश्न विचारले की ही मुलं 'काही नाही, ठीक आहे' एवढंच बोलतात.

प्रतिसाद २

मी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलंय आणि स्वतः यातून गेलेय म्हणून लिहितेय. माझी पहिली थेरपिस्ट म्हणायची रिलॅक्स व्हा, दीर्घ श्वास घ्या. अहो, आमचा श्वास हेच तर आमचं काम! घाबरलं की श्वास वर छातीत येतो, तोंड कोरडं पडतं, गळ्याचे स्नायू आवळतात, आणि गाणारीचं वाद्यच तिथे आहे. दुसऱ्या ज्या मिळाल्या त्या स्वतः नाचायच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की भीती कधी सुरू होते, आदल्या रात्री, विंगेत, की पहिलं वाक्य बोलल्यावर? तेवढ्या प्रश्नाने मला कळलं हिला समजतंय. त्यांनी नाटक बंद करायला सांगितलं नाही, उलट पायऱ्या करून दिल्या, आधी घरच्या दोघांसमोर एक उतारा, मग शेजारच्या चौघांसमोर, मग तालमीच्या हॉलमध्ये अनोळखी माणसं बसवून. टाळत गेलं की भीती वाढते हे त्यांचं म्हणणं होतं, पण पुढची पायरी कधी चढायची ते मी ठरवायचं.

थेरपिस्ट गाणारीच हवी असं नाही, पण तुमच्या मुलीला गाणं हा अभ्यासाच्या आड येणारा छंद नाही, हे तिला न सांगता कळायला हवं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

गुप्ततेचं राहिलं होतं. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागतेच, पण चांगले थेरपिस्ट पहिल्याच भेटीत आई आणि मूल दोघांना समोर बसवून ठरवतात की काय आत राहील आणि काय सांगावंच लागेल. जीवाला धोका असेल किंवा कोणी त्रास देत असेल तर ते सांगावं लागतं, बाकी तिचं तिच्याकडे. तुम्हाला काही कळवायचं झालं तर आधी तिला विचारून. आणि मधेच कधी तिला फार वाईट वाटलं, रात्री-अपरात्री, तर टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार. बाळदमा होता हो, पाचवीपर्यंत पंप चालू होता. मी हे वाचून हादरलेच, कारण ती स्ट्रिप घरात आली होती. आत्ताच परत देऊन आले.

काल रात्री तुमचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले, म्हणजे फोनच दिला हातात. बराच वेळ वाचत होती. मग वहीच्या मागच्या पानावर तिने स्वतः दोन प्रश्न लिहून दिले, म्हणाली जिच्याकडे जायचं तिला आधी हे विचार. एक, मी सांगितलेलं आईला सांगणार का. दोन, मध्यमाची परीक्षा देऊ द्याल का.

घशाच्या डॉक्टरची शनिवारची वेळ मिळाली आहे. धंतोली, रामदासपेठ किंवा धरमपेठ भागात, नाहीतर ऑनलाईन, या दोन प्रश्नांना नीट उत्तर देईल असं कोणी माहीत असेल तर प्लीज व्यनि करा, संध्याकाळी सातनंतरची वेळ सोडून.