जुनी कार्बोरेटरची गाडी: हलक्या रेसला अडखळणे आणि चढावर मिसिंग, इंजिन उघडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. वडिलांनी १९९८ साली घेतलेली, तीन सिलिंडरची आणि कार्बोरेटर असलेली ७९६ सीसीची पेट्रोल गाडी आजही आमच्या घरी आहे, आणि ती विकण्याचा विचार कोणाच्याही मनात नाही. आम्ही चिपळूणला राहतो व महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जातो.

गेल्या पावसाळ्यापासून दोन तक्रारी सुरू झाल्या आहेत. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चालत असताना ॲक्सिलरेटर थोडासा दाबला की गाडी क्षणभर अडखळते आणि मग झटका देऊन पुढे जाते. दुसरे म्हणजे, पोफळी मागे पडून चढ लागला की मिसिंग (मध्येच एखादा सिलिंडर न पेटणे) सुरू होते, आणि पाऊस असेल तर ते इतके वाढते की दुसऱ्या गिअरमध्येही इंजिन आचके देते. उभ्या गाडीचे आयडलिंग मात्र अगदी एकसारखे आहे. प्लग दोनदा बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोल फिल्टर नवा बसवला, तरी काहीच फरक पडला नाही. आता एका गॅरेजमध्ये इंजिनचेच काम काढावे लागेल असे सांगितले आहे. त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

दोन्ही तक्रारी आपण एका दमात सांगितल्या असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे असे धरून चालू नये. माझ्या मते येथे दोन वेगळे दोष आहेत, आणि एक दुरुस्त करून दुसरा तसाच राहिल्यामुळे प्रत्येक वेळी ‘फरक पडला नाही’ असे वाटत असावे.

अडखळण्यासाठी सर्वांत आधी कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणारा छोटा पंप, पाहा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून हाताने थ्रॉटल झटकन उघडा. त्याच क्षणी पेट्रोलची ठसठशीत धार आत पडली पाहिजे. ती उशिरा किंवा थेंबथेंब आली, तर पंपाचा पडदा कडक झाला आहे असे समजावे. धार ठीक असेल, तर बाहेरून हवा कोठे ओढली जाते का ते शोधा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या वरून धड दिसतात, पण टोकांशी तडकलेल्या असतात.

मिसिंगसाठी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहावी. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

उत्तर २

पहिल्या उत्तरातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण वायर काढण्याच्या चाचणीचा येथे उपयोग होणार नाही. प्रश्नकर्त्यांचे आयडलिंग एकसारखे आहे, म्हणजे त्या वेळी तिन्ही सिलिंडर पेटतच आहेत. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल, तर चालू इंजिनची वायर हवेत मोकळी ठेवल्याने कॉइल किंवा इग्निशनचे मोड्यूल जळू शकते, आणि झटका बसण्याचा धोका आहे तो वेगळाच.

मिसिंग फक्त चढावर का होते, याचा विचार केला तर वाट आपोआप सापडते. चढावर थ्रॉटल अधिक उघडलेले असते, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण जास्त भरते आणि त्यामुळे दाब वाढतो. दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. वायरचे आवरण किंवा डेल्कोची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची) टोपी कोठे तडकलेली असेल, तर तो करंट प्लगपर्यंत न जाता त्या तडीतून जवळच्या धातूकडे पळतो. पावसात ओलावा धरला की ही पळवाट आणखी सोपी होते. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा आणि हात न लावता दुरून पाहा. दोष असेल तेथे निळसर ठिणग्या दिसतात. टोपी काढून आतून पाहायलाही विसरू नका. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर टोपी बदलावीच लागते, कारण ती रेघ घासून काही काळ पुसली जाते आणि पुन्हा उमटते.

अडखळण्याबद्दल माझा संशय डेल्कोला जोडलेल्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या डबीवर आहे. हलक्या भाराने चालताना सिलिंडरमधले मिश्रण विरळ असते आणि ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी थोडी लवकर द्यावी लागते. ते काम या डबीतला पडदा करतो. बहुतेक कार्बोरेटरांत तिच्या नळीचे भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असते, त्यामुळे आयडलिंगला तेथे ओढ नसते आणि पाकळी जराशी उघडली की ओढ सुरू होते. पडदा फाटला असेल तर ठिणगी पुढे सरकत नाहीच, वर नको ती हवाही आत येते, आणि हे दोन्ही नेमके हलक्या रेसला घडते. आयडलिंग छान आणि हलक्या रेसला अडखळणे, ही आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. इंजिन बंद करून ती नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढा आणि तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकून राहिली पाहिजे. हवा नुसतीच येत राहिली तर पडदा गेला.

उत्तर ३

इंजिन उघडायचे की नाही हे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय कोणीही ठरवू नये, आणि ज्या गॅरेजने न मोजता सल्ला दिला तेथे गाडी सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. इंजिन गरम असताना तिन्ही प्लग काढून, इग्निशनची जोडणी सोडवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडे धरून मोजणी करावी. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. एखादा कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) फार घट्ट असले तरी व्हॉल्व्ह असाच उघडा राहतो, त्यामुळे ते आधी तपासावेत.

इंधनाचाही विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरतात. नव्या गाड्यांतील सेन्सर हा फरक भरून काढतात, कार्बोरेटरला ते जमत नाही आणि मिश्रण विरळ होते, म्हणजे त्यात इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. पण त्यासाठी कोणी जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) मोठे करून देतो म्हटले तरी लगेच ऐकू नका. आधी पीयूसी केंद्रावर धुरातील सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसीचे (न जळलेल्या इंधनाचे) आकडे पाहा. सीओ फारच कमी आणि एचसी जास्त असेल, तर विरळ मिश्रणामुळे मिसिंग होत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन १६०, १५५ आणि १६० पीएसआय आले, त्यामुळे इंजिनच्या कामाचा विषय तूर्त संपला. ॲक्सिलरेटर पंपाची धार चांगली आहे. रात्री फवारा मारताच मधल्या सिलिंडरची वायर जेथे पत्र्याच्या पट्टीला घासत होती तेथे निळी ठिणगी स्पष्ट दिसली. इतकी वर्षे गाडी वापरूनही ती जागा कधी लक्षात आली नव्हती. व्हॅक्यूमच्या डबीतून हवा सरळ येत होती.

वायरींचा संच बदलून काल भर पावसात घाट चढलो, मिसिंग एकदाही झाले नाही. हलक्या रेसचे अडखळणे अजून आहे. नवी डबी मिळेपर्यंत नळीचे तोंड बंद करून ठेवावे का?

उत्तर २

जरूर ठेवा. कार्बोरेटरकडचे तोंड रबरी टोपीने बंद करा. बाहेरची हवा थांबल्याने अडखळणे बरेच कमी होईल, मात्र ॲडव्हान्स नसल्यामुळे पेट्रोल थोडे जास्त लागेल. ही कसर भरून काढण्यासाठी डेल्को फिरवून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे घेऊ नका, कारण तसे केल्यास घाटात भार आल्यावर इंजिन खडखडू लागेल. नवी डबी बसवल्यानंतर टायमिंग लाइटने तपासणी करून घ्या, आणि ती तपासणी करताना व्हॅक्यूमची नळी काढायची की ठेवायची हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा.