दोन मंडळं, एक बॅनर: सामायिक उपक्रमातलं श्रेय कसं वाटता? (अनुभव धागा)

धागाकर्ता

एका गल्लीत एक कबड्डी संघ, पलीकडच्या गल्लीत दुसरा. लालबाग-परळ असो, प्रभादेवी असो की जोगेश्वरी, चित्र तेच. मॅटवरची खुन्नस मॅटवर ठीक आहे. पण दोघांनी मिळून रक्तदान शिबिर किंवा पूरग्रस्तांना मदत असं काही ठरवलं, की पहिली बैठक बॅनरवर कोणाचं नाव वर, याच्यातच संपते. मंडळं, क्रिकेट क्लब, गोविंदा पथकं, रक्तपेढ्या यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. आपण कोणाला कसा धडा शिकवला हे नको. आधी काय ठरवायचं, किती लागतं, कुठे बिघडतं आणि का, तेवढंच. मंडळांची नावं टाकू नका.

शिबिरवाला

रक्तदानाचं लिहितो. तिथे श्रेयाचा वाद फक्त चिडचिडीवर थांबत नाही, पिशवीतल्या रक्तापर्यंत पोचतो.

आधी हिशेब. तीन तासांत 50 ते 70 पिशव्या घ्यायच्या तर नियमाप्रमाणे एक डॉक्टर, दोन परिचारिका, दोन समाजसेवा कार्यकर्ते, तीन तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस लागतात, आणि 6 ते 8 खाटांची जागा. पाच तास असतील तर 100 ते 120 पिशव्या. म्हणजे एका रविवारी एका ठिकाणी किती होणार हे माणसं आणि खाटा ठरवतात, फ्लेक्सवरचं 'महा' नाही. दोन मंडळांनी हट्टाने एकाच रविवारी शेजारशेजारच्या गल्ल्यांत शिबिरं लावली, तर दोन पथकं अडकतात आणि दाते निम्मे निम्मे होतात. दुपारी एकनंतर दोन्हीकडे खाटा रिकाम्या, आणि रिक्षावरचा भोंगा मात्र चालूच.

दुसरी गोष्ट आकड्याची. 'त्यांचे 84 झाले, आपली शंभरी झालीच पाहिजे' हे सुरू झालं की दबाव येतो तपासणीच्या टेबलावर. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, वजन 45 किलोच्या आत, वर्षभरात गोंदवून घेतलेलं, रात्री जागरण, सकाळपासून पोटात काही नाही: यातलं काहीही असलं की दाता परत पाठवायचाच. कार्यकर्ता मात्र डॉक्टरच्या खांद्याशी उभा राहून 'आपलाच मुलगा आहे, घ्या ना' म्हणतो. परत पाठवलेला मुलगा मंडळाच्या आकड्यातून गळतो, म्हणून ही गळ.

त्यावरचा उपाय साधा आहे. श्रेय मोजायचं ते आलेल्यांचं, रक्त दिलेल्यांचं नाही. नोंदणीच्या टेबलावर दोन रंगांचे टोकन ठेवा, निळं एका मंडळाचं, पिवळं दुसऱ्याचं. आला की टोकन डब्यात पडलं, त्या मंडळाची नोंद झाली. पुढे डॉक्टर काय ठरवतो त्याचा या मोजणीशी संबंध नाही. एवढं केलं की टेबलामागची गर्दी आपोआप हटते.

तिसरं, तारखा. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवस जाऊ द्यावे लागतात, स्त्रीला 120. पहिल्या मंडळाने मुलं गोळा करून नेली आणि दुसऱ्याने महिन्याभरात त्याच मुलांच्या जोरावर शिबिर लावलं, तर निम्मे दारातूनच परत. शिवाय लाल पेशी साध्या पिशवीत 35 दिवस टिकतात, टिकवण्याचं द्रावण घातलेल्या पिशवीत 42, आणि प्लेटलेट फक्त 5 दिवस. सणाच्या आणि जयंतीच्या दिवसांत मुंबईत शिबिरांची रांग लागते. खरी टंचाई मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद आणि निम्मी वस्ती गावाला गेलेली असते तेव्हा. म्हणून बॅनर वाटण्यापेक्षा महिने वाटा. एक मंडळ मेचा पहिला रविवार, दुसरं दिवाळीचा. प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण शिबिर, स्वतःचा फ्लेक्स. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त तडजोड.

भेटवस्तूंबद्दल दोन शब्द. एकाने बॅग दिली की दुसरा भिंतीवरचं घड्याळ देतो, मग हेल्मेट. रक्तदान मोबदल्याविना असायला हवं हा मूळ नियम तर मोडतोच, शिवाय वस्तूसाठी आलेला माणूस कावीळ लपवतो. चहा, बिस्किटं, केळं, प्रमाणपत्र. बस्स.

पावतीपुस्तक

शिबिरवाला यांनी टोकनचं लिहिलं ते झकास. पैशांचं मी लिहितो.

दोन नोंदणीकृत संस्था एकत्र आल्या तरी खातं एकाच संस्थेचं वापरावं लागतं. 'दोघांचं मिळून' असं खातं घाईत उघडत नाही, आणि उघडलं तरी लेखापरीक्षणात कोणाच्या ताळेबंदात धरायचं यावर घोडं अडतं. म्हणून साध्या स्टॅम्पपेपरवर करार: पैसे कोणाच्या खात्यात, खर्चाला सह्या कोणाच्या (दोन्हीकडचा एकेक), उरले तर काय. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडे कलम 41सी खालची परवानगी, आणि नंतर हिशेब देणं. गणपतीत सगळे घेतात, एरवी विसरतात.

पावतीपुस्तकं एकाच मालिकेची छापा. समजा 100 पानांची दहा: 1 ते 500 एका मंडळाकडे, 501 ते 1000 दुसऱ्याकडे. पावतीवर दोन्ही नावं, आतला क्रमांक सांगतो कोणी फाडली. वेगवेगळी पुस्तकं छापली की एकाच दुकानदाराची तीच देणगी दोघं आपल्या आकड्यात धरतात. बैठकीत बेरीज 90 हजार, खात्यात 60. नियत वाईट असते असं नाही. दुकानदाराने एकाला दिली आणि दुसऱ्याला 'दिली की' म्हणून सांगितलं, त्यानेही ती लिहिली. एवढंच.

क्यूआर कोड एकच. दुकानाच्या काउंटरवर एकाच्या क्यूआरवर दुसऱ्याचा चिकटवलेला, खालचा कोपरा नखाने उचकटलेला, हे दृश्य बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. वर खातेदार संस्थेचं नाव छापील दिसू द्या, म्हणजे देणाऱ्याला कळतं पैसे कुठे चाललेत. आणि ज्याला देणगीवर प्राप्तिकराची सवलत (80जी) हवी त्याला आधीच सांगा, 2000 रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला ती मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन.

बोनसरेषा

मदतनिधीसाठी कबड्डीचे सामने लावता का? मग श्रेय माइकवर ठरतं, बॅनरवर नाही. बॅनर एकदा दिसतो. निवेदक साडेचार तास बोलतो.

पुरुषांचा सामना 20-5-20. मधली हलवाहलव धरून 50 मिनिटं. साडेपाचला सुरू करून रात्री दहाला भोंगा बंद करायचा, म्हणजे जेमतेम पाच सामने बसतात. आता आठ पाहुणे, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, तीन तीन मिनिटं: 24 मिनिटं गेली, अर्धा सामना गेला. दुसऱ्या मंडळाने 'मग आमचेही आठ' म्हटलं की एक सामना कापावा लागतो, आणि कापला जातो तो बाहेरून आलेल्या संघाचा. पुढच्या वर्षी तो संघ येत नाही. पाहुणे दोन्हीकडून तीन तीन, सत्कार एकदाच, मध्यंतरात.

निवेदकाच्या हातात लिहिलेला कागद द्या. प्रत्येक मध्यंतरात एक वाक्य, दोन्ही नावं, एका सामन्यात हे आधी तर पुढच्यात ते आधी. निवेदक तिसऱ्याच भागातला घ्या. आपल्यातला घेतला की लोण पडल्यावर (एका संघाचे सगळे गडी बाद झाल्यावर) त्याचा आवाज बदलतो, मग कागद कोण बघतो!

गटवारीत यजमान संघ ड्रॉच्या दोन टोकांना. आधीच भिडले तर हरलेल्या यजमानाचे कार्यकर्ते रात्री आठला खुर्च्या उचलायला लागतात. पंच असोसिएशनकडून मागवा, मानधन सामायिक निधीतून आणि रोजच्या रोज.

गल्लीतला फलंदाज

बॅनरबद्दल थोडक्यात. परवानगीशिवाय लावलेला बॅनर विद्रूपीकरणाच्या 1995 च्या कायद्यात बसतो, शुभेच्छांचा असो नाहीतर रक्तदानाचा. दोन मंडळं एकमेकांच्या बॅनरचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार करतात आणि दुसऱ्या दिवशी दोघांचेही उतरतात. परवानगी घेतलीच तर तिचा क्रमांक आणि मुदत बॅनरच्या कोपऱ्यात छापा. 10 बाय 8 चा एकच पडदा मंडपाच्या आत, दोन्ही बोधचिन्हं सारख्या मापाची, नावांचा क्रम नाणं उडवून. अक्षरांचं माप फूट-इंचात कागदावर लिहून घ्या. छापखान्यात शेवटी जो बसलेला असतो तो आपलं वाढवतो.

मधला चालक

रुग्णवाहिका हा वेगळाच खेळ. श्रेय एका दिवसाचं, खर्च दहा वर्षांचा.

आरसीत मालकाचं नाव एकच येतं. दोन मंडळांनी अर्धे अर्धे पैसे घातले तरी आरटीओ, विमा, अपघात झाला तर जबाबदारी, सगळं एकाच संस्थेच्या माथी. ज्याचं नाव आरसीत, त्याचं नाव गाडीवर दुसऱ्या क्रमांकाला, अशी वाटणी केली की मंडळी बऱ्यापैकी शांत होतात. मदतीसाठीचा फोन नंबर मात्र एकच रंगवा. दोन रंगवले की फोन करणारा गोंधळतो, आणि रात्री तीनला दोघं म्हणतात 'तुमच्याकडे आहे ना?'

चालकांचं गणित कोणी करत नाही. 24 तास आणि 7 दिवस म्हणजे आठवड्याला 168 तास. एक माणूस 48 तास करतो. साडेतीन माणसं, म्हणजे चार पगार. लोकार्पणाच्या दिवशी एक चालक असतो, फेटा बांधलेला. तिसऱ्या महिन्यात गाडी मंडळाच्या शेडखाली, बॅटरी उतरलेली. आठवड्यातून दोनदा किमान अर्धा तास फिरवायची, न फिरवता नुसती सुरू करून बंद केली तर बॅटरी आणखी लवकर बसते.

आणि गाडीवर 'कार्डिअॅक' लिहू नका. एआयएस 125 या रुग्णवाहिकांच्या मानकात प्रकार ठरलेले आहेत: बी म्हणजे रुग्ण वाहून नेणारी, सी म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोय असलेली, डी म्हणजे प्रगत. स्ट्रेचर आणि एक ऑक्सिजनचा सिलिंडर टाकला म्हणून ती डी होत नाही. समोरच्या मंडळाने 'रुग्णवाहिका' लिहिलं म्हणून आपण 'कार्डिअॅक' लिहायचं, ही चढाओढ छातीत दुखणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते.

श्रेय वाटायचंच असेल तर महिने वाटा. सम महिन्यांचं डिझेल-पगार एकाकडे, विषम दुसऱ्याकडे. काचेवर त्या महिन्याच्या मंडळाची पाटी.

घमेलंफावडं

जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा मुंबईतून निघालेल्या ट्रकांवरून एवढं सांगता येईल. पाणी ओसरल्यावर घरात चिखल असतो. लागतात फावडी, घमेली, खराटे, फिनेल, गमबूट, पिण्याचं पाणी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड. चढाओढीत ट्रक 'भरलेला दिसायला' हवा म्हणून जुने कपडे कोंबले जातात. ते ओले होतात आणि गावाला आणखी एक ढीग उपसावा लागतो.

खोक्यांवर मंडळाचं नाव नको, क्रमांक आणि आतला माल लिहा. यादीच्या तीन प्रती: चालकाकडे, मंडळाकडे, गावात. उतरवून घेणाऱ्याची सही यादीवर, यादीच्या माथ्यावर दोन्ही मंडळं. नंतर कोणी कितीही फोटो टाकू दे, ती सही पुरेशी.

फ्लेक्स आणलाच असेल तर ताडपत्रीखाली माल झाकायला वापरा, छापील बाजू आत.

थरावरचा

एक विरोधी मत. चुरस नसती तर निम्मे उपक्रम झालेच नसते. गोविंदा पथकात दोनशे मुलं सरावाला येतात, त्यांना 'समोरच्या पथकाचे 70 आले' एवढं सांगितलं की रविवारी सात वाजता रांग लागते. शिवाजी पार्क जिमखाना आणि दादर युनियन यांच्या चुरशीने मुंबईच्या क्रिकेटचं भलंच केलं ना? फक्त सराव आणि रक्तदान एकाच दिवशी ठेवू नका. रक्त दिलेल्या मुलाला पुढचे 24 तास थरावर चढवायचं नाही, खालच्या थरालाही उभं करायचं नाही. चक्कर आली तर तो एकटा पडत नाही.

शिबिरवाला

थरावरचा, मान्य. 24 तासांचं मी लिहायला हवं होतं.

एक राहिलं. शिबिरानंतर दोन्ही मंडळं रक्तपेढीकडे दात्यांची यादी मागतात, फोन नंबरांसकट, 'आमचे किती ते बघायला'. ती देता येत नाही, आणि मंडळांनी मागूही नये. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलीस, मलेरिया अशी तपासणी होते. कोणाच्या रक्तात काही आढळलं तर रक्तपेढी त्या माणसाशी थेट आणि गुपचूप बोलते. यादी मंडळाच्या ग्रुपवर गेली आणि त्यातल्या एकाला पुन्हा बोलावणं आलं, तर गल्लीला कळायला वेळ लागत नाही. मंडळांना आकडा हवा असतो, तो टोकनच्या डब्यात आहे. संध्याकाळी दोन्हीकडच्या एकेकाने बसून मोजा, कागदावर सह्या करा, टोकन पुढच्या शिबिरासाठी परत डब्यात.