ऑफरोड पार्कला स्टॉक जिम्नी न्यायची हाय, कुठला ट्रेल घेऊ?

शहापूरकर_जिम्नी:
दिवाळीनंतर बेळगावातून दोन गाड्या घेऊन ऑफरोड पार्कला जायचं ठरवायलोय. माझी जिम्नी एकदम स्टॉक, म्हणजे काय बदल केलेला नाही, टायर पण कंपनीचेच, मित्राची थार. तिथं हिरवा, निळा, काळा असे ट्रेल हाईत, काळा सगळ्यात अवघड. मित्र म्हणतोय हिरव्यात काय दम नाही, डायरेक्ट काळ्यात घालू. मी चोर्ला घाटाच्या खड्ड्यांपलीकडं काय बघितलेलं नाही, आणि बायको-पोरगा पण येणार. झेपतंय काय?

निपाणी_डिझेल:
हिरव्यातच घाला की ओ आधी. फोर-एल (चारी चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) टाकून उतारावर पहिल्या गिअरात गाडी सोडायची, क्लच दाबायचा नाही, हे एकदा पायात बसलं की मग निळा. जिम्नीला मेकॅनिकल लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नाही, चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरतंय, मग गाडी स्वतःच त्या चाकाला ब्रेक लावून दुसरीकडं ताकद देते, पण त्यासाठी ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवावा लागतोय, आणि नवीन माणूस नेमका तिथंच घाबरून पाय काढतोय. टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास आणा, कंप्रेसर सोबत असू दे. तसल्या टायरवर हायवेला लागू नका, तापतात.

जांबोटी_रोड:
एवढं तिकीट कशाला काढायलाय? आमच्या खानापूर साईडला या, जंगलात पाहिजे तेवढा चिखल, फुकट

निपाणी_डिझेल:
@जांबोटी_रोड भावा, तिकडं भीमगड अभयारण्य हाय, २०११ पासून. परवानगीशिवाय गाडी आत घातली तर वन्यजीव कायद्याखाली केस होतीय, गाडी पण जप्त. आणि अडकलात तर ओढायला कोण येणार, गवा?

जांबोटी_रोड:
😂 बरं बरं, मी आपलं सुचवलं

टिळकवाडी_थारवाली:
रंगावर जाऊ नका. निळा म्हणजे कोरड्यातला निळा, आदल्या रात्री पाऊस झाला की तोच काळा होतोय. आपल्या चिकोडी-गोकाक साईडची काळी माती आठवा, टायरच्या खाचा भरल्या की नुसती घसरगुंडी. म्हणून सकाळी पार्कच्या मार्शलला (ट्रेलवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला) आधी जमीन कशी हाय ते विचारायचं, आणि अवघड जागा आली की उतरून चालत बघून यायचं. मग खाली उभा राहून एकानंच हात दाखवायचा, चौघं ओरडायला लागले की ड्रायव्हरचं डोकं फिरतंय. पोरग्याला हिरव्यात बसवा, पुढच्या ट्रेलला खाली उतरवा. स्टीअरिंगच्या आत अंगठे अडकवू नका, चाक दगडाला आपटलं की स्टीअरिंग झटका देतंय आणि बोट मोडतंय. आणि अडकलेली गाडी ओढायचा पट्टा रिकव्हरी हुकलाच लावायचा, टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अजिबात नाही, तो तुटून उडाला तर जीव जातोय.
थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) २२६ मिमी, तुमचा २१०, म्हणून मित्राच्या मागं डोळे झाकून जाऊ नका.

शहापूरकर_जिम्नी:
मित्राला हेच वाचायला पाठवलं. म्हणतोय मी बुलेट आणतो 🤦

निपाणी_डिझेल:
बुलेट घरीच ठेवू दे 😂 बाईकचं खूळ असेल तर कोलारजवळ बिग रॉक डर्टपार्क हाय, बाईक रेसर सी. एस. संतोष यांचं, २०१५ ला डाकार रॅली पूर्ण केलेले. तिथं तिथलीच हलकी बाईक चालवायला शिकवतात.