मदत हवी आहे: सेल्सवाले कबूल करतात ते डिलिव्हरी टीमला झेपत नाही

नमस्कार मंडळी, मी सॉफ्टवेअर डिलिव्हरी टीम सांभाळतो. आमच्याकडे सेल्सवाले ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून कस्टमरला तारीख देऊन मोकळे होतात, आणि आम्हाला कळतं ते थेट पीओ (कस्टमरची लेखी खरेदी ऑर्डर) आल्यावर, मग टेस्टिंगला कात्री लागते, पोरं रात्र रात्र बसतात आणि कस्टमर तरी कुठे खूश असतो, त्याला तर दिलेली तारीखच लक्षात असते ना.

सेल्सची माणसं वाईट नाहीत हो, त्यांच्यावर टार्गेटचं प्रेशर आहे आणि इन्सेंटिव्ह सही झाली की मिळतो, काम वेळेत झालं की नाही याच्याशी त्याचा संबंधच नाही. मला खरी गोम तिथेच वाटते.

कोणी इन्सेंटिव्हचा काही भाग डिलिव्हरी किंवा पेमेंटनंतर द्यायची पद्धत लावली आहे का? सेल्सने कुरकुर केली का? दुसरं म्हणजे, कोटेशन जायच्या आधी डिलिव्हरीतल्या एकाने स्कोप (कामाची व्याप्ती) बघून ओके द्यायचा असं ठरवलं तर डील अडकून पडतात का? तारखेऐवजी 'सहा ते आठ आठवडे' अशी रेंज दिली तर कस्टमर ऐकतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, टीममधली चांगली माणसं सोडून जायच्या आधी काहीतरी करायचंय.