मदत हवी आहे: मिशा कापूनही मेंदूतले बॅरल (एकेका मिशीसाठीचे पेशींचे पुंजके) जसेच्या तसे, मग फरक कुठे शोधू?

जन्मापासून उंदरांच्या उजव्या बाजूच्या मिशा रोज मुळाशी कापल्या, पाच रांगांपैकी (ए ते ई) फक्त 'सी' रांग ठेवली. मोठेपणी मेंदूची साल (कॉर्टेक्स) सपाट करून सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमसाठी रंगवली. चौथ्या थरातले तपकिरी ठिपके, म्हणजे बॅरल, मेंदूच्या दोन्ही बाजूंना सारखेच, पाचही रांगा स्पष्ट!

हे अपेक्षितच आहे. व्हॅन डर लूस आणि वूल्सी या मेंदूशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये बॅरलची रचना बिघडलेली दाखवली, ती नवजात पिलांच्या मिशांची मुळं नष्ट करून. माझ्याकडे मुळं शाबूत आहेत. म्हणजे बदल पेशींच्या प्रतिसादात, बहुधा सालीच्या वरच्या थर 2/3 मध्ये असणार, आणि मला खरा रस त्यातच आहे.

इलेक्ट्रोड रेकॉर्डिंग किंवा टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाची सोय नाही. नैतिक समितीची परवानगी मिशा कापण्यापुरतीच, उपटण्याची नाही. सी-फॉस (नुकत्याच सक्रिय झालेल्या पेशींत दिसणारं प्रथिन) रंगवायची सोय आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे. अंधारात, खडबडीत नव्या वस्तूंमध्ये सोडून दीड तासाने मेंदू काढला, पण नुसत्या हाताळणीनेच सगळीकडे पेशी उजळतात. आधी काही दिवस हाताळून सवय लावली, तरी फारसा फरक नाही.

कापलेल्या मिशा चाचणीआधी किती वाढू द्याव्यात? थोड्या वाढवल्या तर वस्तूपर्यंत पोचत नाहीत, जास्त वाढू दिल्या तर परिणामच पुसला जाण्याची भीती. आणि हाताळणीचा गोंगाट वजा करायला कंट्रोल गट कोणता ठेवता?