वऱ्हाडातला अर्धा र

संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. ‘युनिकोड आलं, एका अक्षराला एकच कोड, घोळ संपला’ असं म्हणतात, पण ते मराठीपुरतं तरी अर्धवट आहे. ‘वऱ्हाड’मधला र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जुळावीत हे सांगणारं, न दिसणारं चिन्ह) आणि ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. त्यातला ऱ मुळात द्राविडी उच्चारासाठी ठेवलेला, मराठीची सोय त्याच्यावरच भागवली.

वाचनालयाची यादी संगणकावर चढवताना ‘कऱ्हाड’ शोधलं तर निम्म्याच नोंदी आल्या. जॉइनर नुसते उडवले तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, माणूसच बदलतो! शेवटी सगळीकडे ऱ करून घेतला, तेव्हा राहिलेल्या नोंदी सापडल्या.