एकाच शीटवर १:१०० आणि १:२०. मापांचं काय करायचं?

प्रश्न: ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बंगल्याचा प्लॅन १:१०० ला, त्याच शीटवर टॉयलेटचं डिटेल १:२० ला. प्लॅनसाठी टेक्स्ट २५० उंचीचं ठेवलं, ते डिटेलमध्ये साडेबारा मिलिमीटरचं छापलं जातंय. सगळं दोनदा लिहू का?

उत्तर १: मुळीच नको. उद्या मालक दरवाजा सरकवेल, माप एकीकडे बदलेल, दुसरीकडे राहील, आणि गवंडी नेमकं जुनंच वाचेल. टेक्स्ट आणि डायमेन्शन (मापं), दोन्हींच्या स्टाइलमध्ये ‘अ‍ॅनोटेटिव्ह’ला टिक करा, म्हणजे स्केल कोणताही असो, छापील आकार तोच राहतो; कागदावरची उंची २.५ मिमी द्या. जे दोन्हीकडे दिसायला हवं, त्याला ऑब्जेक्टस्केल कमांडने १:२० जोडा.

प्रश्नकर्ता: केलं दादा, पण डिटेलमधली काही मापं गायबच झाली!

उत्तर १: त्यांना १:२० जोडलेला नसणार. आणि अ‍ॅनोऑटोस्केल ही सेटिंग बंद ठेवा, नाहीतर स्केल बदलाल तसा नवा स्केल प्रत्येक मापाला चिकटत जातो. मग निस्तरत बसा. जुनं टेक्स्ट ऐकत नसेल तर अ‍ॅनोअपडेट ही कमांड चालवा.

उत्तर २: मी तर मापं सरळ लेआउटमध्येच, म्हणजे छपाईच्या पानावरच टाकतो. डिमअसोक ही सेटिंग २ वर ठेवा, म्हणजे मापं ड्रॉइंगला जोडलेली राहतात. ही स्केलची भानगडच नको.

उत्तर १: चार शीट असतील तर ठीक. चाळीस असतील तेव्हा बोलू.